चामडी तुमची, हाडं आमची

१९ जानेवारी. अंगणात तूर पाखडत बसले होते. सुपातला कचरा उडवत असतानाच शाळेतून मोठ्या सरांचा फोन आला. माझ्या धाकट्या मुलीने वर्गाच्या मॅडमच्या हाताला कडकडून चावा घेतला होता आणि ती फाटकातून थेट डांबरी रस्त्यावर पळाली होती. चहाच्या टपरीवाल्याने तिला धरून ठेवलं होतं. तुरीवर ताडपत्री टाकली, पायात चप्पल अडकवली आणि निघाले.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, मेडशीपासून जवळ. ही मुलगी तिसरीत. थोरली बारावीला असताना झालेली, त्यामुळे लाडावली असं सगळे म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. लाडावलेलं पोर हवं ते मिळालं की गप्प बसतं. ही हवं ते मिळालं तरी बसत नव्हती. जेवताना चारदा उठायची. दुसऱ्याची पेन्सिल ओढायची, नाही दिली की मारायची आणि मग स्वतःच रडायची. दिवाळीनंतर मी तिला वाशीमच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

"वेड्याच्या डॉक्टरकडे नेतं का पोरीले?" नवरा म्हणाला. "गावात कळलं तं लग्नाले कोण पुसन तिले?"

"आठ वर्साची हाय ते. आधी तिसरी तं पास होऊ द्या."

कुरकुरत का होईना, तो एसटीने बरोबर आला. डॉक्टरांनी तिच्याशी बराच वेळ खेळून, आम्हाला नाना प्रश्न विचारून सांगितलं की हा एडीएचडी आहे. मेंदूला एका जागी टिकणं जड जातं, पोर मुद्दाम करत नाही. एक गोळी सुरू केली. पण म्हणाले, गोळीने अर्धंच काम होतं, बाकीचं घराने आणि शाळेने करायचं. पहिल्या ओळीत बसवा, काम थोडं थोडं द्या, मधेच उठायला काहीतरी निमित्त द्या, आणि मारू नका. मारलं की हे पोर जास्त बिथरतं.

आम्ही दोघं शाळेत जाऊन मॅडमना हे सगळं सांगून आलो. मॅडम तरुण, नव्या, ऐकून घेणाऱ्या. "पाहू, करते मी," म्हणाल्या. सगळं नीट झालं होतं. निघताना नवरा दारात थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी तुमच्या हवाली. चामडी तुमची, हाडं आमची."

आमच्याकडे बाप शाळेतून असाच निघतो, हवं तेवढं मारा, फक्त हाडं शाबूत ठेवा असं सांगून. त्याच्या बापाने त्याच्या गुरुजींना हेच सांगितलं होतं. न म्हणता निघालं तर माणूस माजोरी वाटतो. मलाही त्या वेळी कानाला काही खटकलं नाही. पाहुण्याने निघताना "येतो" म्हणावं, तसं ते होतं.

टपरीवरून मुलीला घेतलं आणि शाळेत गेले. ऑफिसात मोठे सर आणि मॅडम बसलेले. मॅडमच्या मनगटावर दातांची गोल खूण. मी आधी माफी मागितली, मग विचारलं, काय झालं.

"सारखी उठून राह्यली होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पट्टी मारली हातावर."

"मॅडम, मारू नका म्हणून सांगितलं होतं ना डॉक्टरनं?"

"ताई, तुमी तसं म्हणल्या. पण तिचे पप्पा जाता जाता काय म्हणले? मले वाटलं, बाईमाणूस मायेनं बोलून राह्यली, खरं घरातलं म्हणणं बापाचंच."

मॅडमचं चुकलं म्हणावं, तर परवानगी आमच्याच घरातून गेलेली.

मोठे सर शांतपणे म्हणाले, "रस्त्यावर गाडी आली असती तर जबाबदार कोण? तिला दुसरीकडे घाला."

दुसरीकडे म्हणजे रोज एसटी. घरात दोन मिनिटं एका जागी न टिकणारी पोर एकटी एसटीने जाणार. म्हणजे शाळाच सुटणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस द्या, सर."

"या. पण तिच्या वडिलांना घेऊन या. घरात दोन बोलणी नकोत."

संध्याकाळी चुलीपुढे मुलीला विचारलं, "काहून चावली वं?"

"तिनं आधी मारलं."

"तिनं नाई, मॅडमनं म्हण."

"मॅडमनं आधी मारलं."

नवरा हसला. म्हटलं, "हसू नका. उद्या शाळेत चला आन् ते चामडीचं वापस घ्या."

"देल्लेला शब्द वापस घ्यायचा? लोक काय म्हणतीन?"

"लोकाइची पोरगी हाय का ते?"

"अवं, ते असंच म्हणतेत. त्याचा काई अर्थ नसते."

"मॅडमनं लावला ना अर्थ. पट्टी पडली ना पोरीच्या हातावर."

"सकाळी गव्हाले पाणी द्याचं हाय. मोटरची लाइन सकाळचीच हाय," एवढं बोलून तो बाजेवर आडवा झाला.

सकाळी उठले तर तो शेतात गेलेला. मी मुलीची वेणी घातली, डबा भरला, गोळी दिली आणि तिला घेऊन बांधावर गेले. तो चिखलात उभा राहून पाण्याचा दांड फोडत होता. मी मोटर बंद केली.

"अवं, लाइन जाईन ना!"

"जाऊ द्या."

त्याने एकदा गव्हाकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. मग फावडं टाकलं आणि तशाच चिखलाच्या पायांनी मोटारसायकलवर बसला. आम्ही दोघी मागे.

ऑफिसच्या दारात चप्पल काढून तो उभा राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "ते चामडीचं म्हणलो होतो, ते वापस घेतो. डॉक्टरनं सांगितलं तेच आमचं दोघाइचं म्हणणं."

मॅडमनी मोठ्या सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "परीक्षेपर्यंत पाहू." जास्त काही मिळणार नव्हतं. मी तेवढं घेतलं.

वर्गात गेले. पहिल्या ओळीतल्या दोन मुलींना सरकायला सांगून तिला मध्ये बसवलं. मॅडमना म्हटलं, "पुन्हा चावली तं फोन करा, मी लगेच येते. पण पट्टी नका घेऊ." त्यांनी मान हलवली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. मुलीचं नाव येईपर्यंत मी दारात उभी राहिले. तिने "हजर" म्हटलं, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने, आणि मी निघाले.