उभी पेटी

माझी पेटी आडवी ठेवली की पेटी असते आणि उभी केली की ड्रेसिंग टेबल. असं सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. आमच्या घरात तीन माणसं, आई, भाऊ आणि मी. खोल्या दोन. आतली खोली भावाची, म्हणजे लग्न झाल्यावर त्याची होणार म्हणून आत्तापासून त्याची म्हणायची. तो झोपतो ओसरीत. त्या खोलीत झोपते मी. ही गोष्ट बाहेर कोणाला कळू द्यायची नसते, आणि त्यापायीच हा पेटीचा सगळा उपद्व्याप झाला.

पेटी घेतली डी.एड.ला लागले तेव्हा. काळी, पत्र्याची, भल्या मोठ्या कडीची. बुलढाण्याच्या होस्टेलवर दोन वर्षं ती माझ्या कॉटखाली होती. डी.एड. झालं, नोकरी लागली नाही. आमच्या सगळ्या बॅचचंच तसं झालं, त्यामुळे एकटीनं रडायचीही लाज वाटायची. मग लग्न झालं आणि पेटी देऊळगाव राजाला सासरी गेली. सहा वर्षं तिथे राहिली. मूल झालं नाही. मारझोड नाही, दारू नाही, शिव्या नाहीत. लोकांना ऐकायला काहीतरी भयंकर लागतं, माझ्याकडे तेही नाही.

एका दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "पेटीबी घेऊन जा. खोलीत पाय ठेवायला जागा नाही." आणि मी मूर्ख! मला वाटलं, किती चांगल्या आहेत, साड्या चुरगळू नयेत म्हणून काळजी करतात. भावानं पेटी एसटीत चढवली, कंडक्टरशी लगेजवरून भांडला, आम्ही हसत हसत डोणगावला, माहेरी आलो. आमच्याकडे भाऊ आणतो आणि नवरा न्यायला येतो, अशी रीत. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली. फोन केला की "पाहू" म्हणायचे. पुढे फोन उचलणंच बंद झालं. भाऊ दोनदा जाऊन आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. सोडलं असंही कोणी म्हणालं नाही. न्यायला कोणी आलं नाही, एवढंच. त्यालाही आता तिसरी दिवाळी होऊन गेली.

भाऊ चौतिशीचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान आहे, हात सोन्याचा, तोंडात कधी वावगा शब्द नाही. पण पोरगी मिळेना. पोरीवाल्यांना पुण्यातली कंपनी पाहिजे, मग ती कंपनी बोल्ट मोजायची का असेना. तरी मी आल्यानंतर पहिल्या वर्षी दोन ठिकाणची माणसं घर पाहून गेली. दोन्ही वेळा पोहे मीच नेऊन दिले. दोन्ही वेळा कोणीतरी विचारलं, "ही कोन?" आई म्हणाली, "माही पोरगी, आलेली हाये." "कदी आली?" इथे आई अडखळायची. लग्न झालेली नणंद घरात बसलेली असेल तर पोरगी कोण देतं? मी पोरीची आई असते तर मीही दिली नसती, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून ठरलं, घर पाहायला कोणी येणार असलं की मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचं. माझ्या साड्या, चपला, कंगवा, सगळं गाठोड्यात बांधून सोबत न्यायचं. हे ठरवलं मीच. आई रडली, भाऊ म्हणाला, "काही गरज नाही व याची." मी म्हणाले, "तू गप बस, नवरदेवानं बोलायचं नसतं."

पेटीचं डोकंही माझंच. रोज खाली वाकून तिच्यातून साडी काढायची, रोज बंद करायची, कंबर जायची. कपाट आणावं तर ते लपवणार कुठे? मेहकरला पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे पेटी घेऊन गेले. त्यांना सांगितलं, हिला उभी करा. झाकण दारासारखं उघडेल. झाकणाला आतून आरसा, आत दोन फळ्या, खाली चार बुटके पाय. चाचांना काम आवडलं. म्हणाले, "रिव्हेट मारतो बेटी, पंचवीस वर्सं हलनार नाही."

"रिव्हेट नको चाचा. नट लावा, हातानं निघतील असे. पुन्हा पेटी करता आली पाहिजे."

"काऊन? कुठं जायाचं हाय?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. त्यांनी रिव्हेटची डबी बाजूला सारली. मग कानवाले नट शोधून लावले, पान्हा न घेता फिरवता येतात ते. फळ्या काढायच्या, तळाशी आडव्या ठेवायच्या, झाकण लावायचं, पेटी आडवी करून कॉटखाली सरकवायची. दहा मिनिटांचं काम. मी घरी चार वेळा करून पाहिलं.

आणि खरं सांगू? उभी केली त्या दिवशी मला फार आनंद झाला. सासरी आरसा होता तो वऱ्हांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. माझ्या एकटीचा आरसा हा पहिलाच. दार लावून मी त्याच्यासमोर बसले, वेणी सोडली, पुन्हा घातली. कोणासाठी, विचारू नका.

या वर्षी लोणार तालुक्यातल्या एका गावाहून स्थळ आलं. पोरगी बारावी झालेली, शिवणकाम करणारी. भाऊ जाऊन पाहून आला आणि दोन दिवस विनाकारण शीळ घालत फिरला. पोरीनं त्याला विचारलं होतं म्हणे, "मोटार जळते कशानं?" त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं आणि तिनं ऐकून घेतलं. आता तिच्याकडच्यांनी घर पाहायचं तेवढं राहिलं होतं. मी ठरवून टाकलं, हे स्थळ जाऊ द्यायचं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी मी घर झाडलं, पेटी आडवी करून कॉटखाली ढकलली, गाठोडं उचललं आणि काकूंकडे गेले. भाऊ स्टँडवर पाहुण्यांना आणायला गेला. आई घरात एकटी. आणि तिच्या मनात काय आलं असेल ते आलं. आधीच्या पाहुण्यांतली एक बाई बोलून गेली होती, खोली गोदामासारखी दिसते म्हणून. ते आईच्या जिवाला लागलेलं. तिनं रिकामी पेटी ओढून बाहेर काढली, उभी केली, माझं पाहून पाहून शिकली होती, नट फिरवले, फळ्या लावल्या, झाकण उघडून आरसा दाराकडे केला. नवीन सुनेसाठी घरात ड्रेसिंग टेबल तयार आहे, असं तिला दाखवायचं होतं. आईला काय बोलू मी?

पुरुष ओसरीत बसले, पोरीची मावशी आतली खोली पाहायला गेली. पुरुष नळ पाहतात, संडास पाहतात. बाया खोली पाहतात. तिला पहिल्यांदा नवल वाटलं ते ड्रेसिंग टेबलचंच, कारण आमच्याकडे पलंग, कपाट, आरसा हे पोरीकडून आंदण म्हणून येतं. मुलाच्या घरी लग्नाआधीच ते कसं काय? ती जवळ गेली. आणि आरशाच्या वरच्या कोपऱ्यात माझी टिकली चिकटवलेली होती.

मरून रंगाची, मुगाएवढी. झोपताना काढायची, आरशाला लावायची, सकाळी पुन्हा कपाळाला. गोंद आहे तोवर कोणती बाई टिकली फेकते? तिथे ती टिकली आहे हे मला दिसतच नव्हतं, रोजचंच म्हणून. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू. मावशीनं टिकलीवर नख ठेवून विचारलं, "ही कोनाची व?" आईचं कपाळ बारा वर्षांपासून मोकळं. ती घाबरली आणि म्हणाली, "दुकानातूनच तशी आली असन."

दुकानातून! टिकली लावलेला आरसा! मावशी बाहेर आली, पोरीच्या बापाच्या कानाशी लागली. पोहे तसेच राहिले. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. पोराचं पहिलं लग्न झालेलं आहे, बायको घरात आहे नाहीतर नुकतीच गेली आहे, आणि तुम्ही आमच्यापासून लपवलं.

भाऊ दुकानातून आला, सरळ खोलीत गेला, टिकली नखानं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ठेव ही," म्हणाला. बस. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आईला बोलले असते, घर डोक्यावर घेतलं असतं. तो हातपाय धुऊन जेवायला बसला. मला स्वतःची इतकी शिसारी आली की काय सांगू.

मी तिसऱ्या दिवशी एसटीनं लोणारला गेले, तिथून काळीपिवळीनं त्या गावाला. घरी सांगितलं नाही. पोरीचा बाप ओट्यावर तुरीचं बी निवडत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टिकली माझी. मी त्याची सख्खी बहीण. नवऱ्यानं नेलं नाही, माहेरी राहते. तुम्ही आलात तेव्हा शेजारी लपून बसले होते. माझ्या भावाचं लग्न झालेलं नाही, पाहिजे तर गावात कोणालाही विचारा. पोरगी दारात येऊन ऐकत होती. चांगली होती दिसायला, भावाला शोभली असती.

बापानं मला बसवलं. पाणी दिलं, चहा दिला. माणूस वाईट नव्हता, तेच तर. मग म्हणाला, "बाई, आमी तं पहिली बायकोच समजलो होतो. तरी मी घरात म्हनत होतो, सोडचिठ्ठीचा कागद दाखवला तं पाहू, पोरगा कामाचा हाये, आमच्या पोरीच्या मनात हाये. मावशी नाई म्हने, मी हाव म्हनत होतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, "मग आता तर काहीच अडचण नाही."

तो पुन्हा बी निवडायला लागला. "बायको असती तं गेली म्हनलो असतो," तो म्हणाला. "बहीन कुठं जाते, बाई?"

दारात पाहिलं तर पोरगी आत निघून गेली होती. मी उठले. त्यानं मला फाट्यापर्यंत सोडायला गाडी काढली, नको म्हणाले तरी.

म्हणजे मी गेले नसते तर जमलं असतं! एक खोटा कागद चालला असता, मी खरी चालत नव्हते. परतताना बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीकडून येऊन राह्यल्या का?" तिशीतच तेवढी थकलेली दिसत असेन; मी हो म्हणाले.

घरी मी काही बोलले नाही, पण मध्यस्थानं आईला सगळं सांगितलंच. पाचव्या दिवशी सकाळी भाऊ दुकानात गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत जे ती कधी बोलली नव्हती ते बोलली. "जावयाले एकदा फोन करून पाह्य ना व माय. माह्यासाठी." तिला वाईट वाटत होतं, दिसत होतं मला. तरीपण ती बोलली.

माझा नंबर मध्यंतरी बदललेला. त्यामुळे फोन उचलला गेला.

"मी बोलतेय," मी म्हणाले.

"कोण मी?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता आणि त्यांना खरंच ओळखू आलं नव्हतं. सहा वर्षं मी त्या माणसाचं जेवण वाढलं. माझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. "राँग नंबर," म्हणून मी फोन ठेवला.

आई दारात उभी होती. "काय म्हनले?"

तिचं तोंड पाहिलं आणि मी म्हणाले, "येतो म्हणाले. न्यायला."

आईनं पदर तोंडाला लावला. मग चप्पल घालून तशीच मध्यस्थाकडे गेली, आपली पोरगी सासरी जाणार म्हणून सांगायला. संध्याकाळी भाऊ दुकान लवकर बंद करून आला, हातात पेढ्यांची पुडी. हाताला अजून वार्निशचा वास. एक पेढा त्यानं माझ्या तोंडापुढे धरला आणि लहानपणी हसायचा तसा हसला. म्हणाला, "जा आता सुखानं. मी स्टँडवर सोडायला येईन."

मी तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला.