खाले आणि खाली

माझ्या मुलीच्या कॉलेजातल्या मुलामुलींचा एक गट आहे. पाठीवर बॅगा बांधून ते सातपुड्यात चार-पाच दिवस चालतात, झाडाखाली झोपतात, हाताने शिजवून खातात. यंदा पाऊस असा दगा देऊन गेला की होळीच्या आधीच डोंगरातले झरे आटले आणि आमच्या धरणगावातूनही कधी कधी उत्तरेला धूर दिसायचा. म्हणून मोठ्या फेरीआधी एक दिवस नुसत्या तयारीचा ठरला होता.

मुलीच्या बापाने बॅग उचलून अंगणात फेकली, तिला दोन थपडा मारल्या. ती रडली नाही. बॅग झटकून परत दाराशी आणून ठेवली. मग तो म्हणाला, आई सोबत जात असेल तर जा. अशी मी गेले. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि तिथे बोलायचं कामही नव्हतं. तिला धड घरी आणायचं, एवढंच माझ्याकडे होतं.

गटाला शिकवणारा एक तरुण माणूस होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. पायथ्याच्या गावातले एक म्हातारे आबा वाट दाखवायला आले होते. जीप टेकडीच्या माथ्यावर उभी करून आम्ही अर्ध्या उतारापर्यंत खाली आलो. भाऊने एकेकाची बॅग उघडून पाहिली. एक नायलॉनचं जाकीट काढलं, बाहीला काडी लावली. बाही गळून थेंब थेंब पडायला लागली. "हे अंगावर असताना पेटलं तर कातडीत रुततं," तो म्हणाला. "सुती घाला."

दीपनगरहून आलेला एक मुलगा म्हणाला, "भाऊ, माझी तर बॅगच नायलॉनची. गोणीत सामान आणू का?"

"आण. गोणी ओली तरी करता येते."

सगळे हसले. मग भाऊने आबांना पाण्याचं विचारलं.

"नालामा झिरा शे," आबा म्हणाले. नाल्याची वाळू उकरली की खड्ड्यात पाणी पाझरतं, त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात.

"आबा, मराठीत सांगा ना," तो दीपनगरचा मुलगा म्हणाला.

"मंग मी काय इंग्रजी बोली ऱ्हायनू का?"

झिरा जेवणानंतर दाखवायचा ठरला. त्याआधी जाळरेषा शिकायची होती. वणवा येण्याआधीच गवताचा एक पट्टा आपण जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आगीला खायला काही उरत नाही. भाऊने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मुलं उभी केली, हातात ओली गोणपाटं दिली, आणि काडी ओढली.

आधी ती आग गरिबासारखी सरकत होती. मुलं गोणपाट आपटून ती विझवत होती, हसत होती, एकमेकांवर काजळी उडवत होती. मग वारा फिरला. गवत कमरेएवढं होतं आणि दोन वर्षांचं वाळलेलं. आग पट्ट्यातून उडी मारून बाहेर पडली आणि आवाज आला, जसं कोणी जाडं कापड टराटर फाडतंय. एका मुलीच्या ओढणीचं टोक पेटलं. भाऊने ती हिसकून काढली आणि पायाखाली तुडवली. मुलांनी कॅनमधलं उरलंसुरलं पाणी गोणपाटांवर ओतलं, पण आगीशी पोचेपर्यंत ती वाळत होती. एक ससा आमच्या मधून पळाला. त्याची पाठ जळत होती, आणि तो पळाला तिथे तिथे गवत पेटत गेलं.

आबा ओरडले, "पानी खाले शे. खाले पया."

नाल्याकडचा उतार गुरांनी चरून उघडा केला होता, नुसते दगड होते. पाणीही तिकडेच होतं. पण आमच्याकडे खाले म्हणजे खाली, उताराच्या दिशेला, आणि पया म्हणजे पळा. त्या दीपनगरच्या मुलाच्या घरची बोली हिंदीकडे झुकलेली. त्याने ऐकलं, पाणी खाली आहे, म्हणजे हिंदीतलं खाली, रिकामं, संपलं.

"पाणी संपलं," तो ओरडला. "वर जीपकडे चला."

माझ्या मुलीला घरची बोली येते, पण ती त्याच्या शेजारी होती. तिच्या कानावर त्याचाच शब्द पडला. चार-पाच जणं चढायला लागली, आणि त्यांच्या मागोमाग आग चढायला लागली. ती माणसापेक्षा जोरात चढते, हे सकाळीच भाऊने सांगितलं होतं. भाऊ दुसऱ्या टोकाला होता, धुरात त्याचा आवाज कोणाला कळत नव्हता.

मी हाक मारली नाही. मारली असती तरी ऐकू गेली नसती. मी तिरकी धावले आणि तिची वेणी धरली. ती पाठीवर पडली. उठून परत वर पळायला लागली, मला लाथ मारली, "सोड, आई, मरू आपण," म्हणाली. मी तिच्या तोंडात मारली. मग आणखी एकदा. वेणी हाताला गुंडाळून मी तिला आगीच्या कडेने ओढत त्या उघड्या उतारावर आणलं, गुडघ्यावर, दगडांवरून. तिची बाही धुमसत होती, ती मी तळहातांनी बडवून विझवली. आम्हाला पाहून बाकीचे वळले. तो मुलगा सगळ्यांत वर होता, म्हणून शेवटी आला. त्याच्या बॅगेचे पट्टे वितळून खांद्यांत रुतले होते. झिऱ्यात बसवल्यावर तो गुरासारखा हंबरला.

भाऊ खाली पोचला तेव्हा आबांनी त्याच्या कानशिलात लगावली. भाऊने गाल धरला नाही, हात वर केला नाही. मुलं मोजली. सगळी होती.

त्या मुलाला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. तो जगला, पण पट्टे चामडीसकट काढावे लागले. पुढे गटाने ठरवलं की संकटात खाली, खाले काही म्हणायचं नाही. नाला म्हणायचं, माथा म्हणायचं, आणि हाताने दाखवायचं.

मोठी फेरी पाऊस पडेपर्यंत पुढे ढकलली आहे. मुलगी जाणार म्हणते. बाप या वेळी तिचे सोललेले गुडघे पाहून उठून गेला.

तिची वेणी मीच घालत आले. आता टाळूवर एका जागी केस नाहीत, खपली आहे. काल तेलाची वाटी घेऊन मागे बसले, हात उचलला, आणि तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मग हात खाली घेतले, म्हणाली, "घाल." मी वाटी जमिनीवर ठेवली, आणि तेल लावण्याआधी माझा रिकामा तळहात पुढे करून तिला दाखवला.