मोहनाने तपासलेली ओळ

मोहना औषधाच्या खोक्यातला कागद आधी वाचते, मग गोळी घेते. लिफ्टमधली सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि तिचा मजला निघून जातो. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तोच पत्ता त्याच्याकडून परत वदवून घेते. गुजरातीत भांडते, मराठीत रुसते. कुणी "समजलं" म्हटलं की विचारते, "काय समजलं?"

बडोद्याच्या तरसाली भागात आमची घरं समोरासमोर. मी मराठी साहित्यात एम.ए. केलं, ती कॉम्प्युटरकडे गेली. तिचं काम तिनेच मला एकदा समजावलं. एका डायलिसिस केंद्राचे फोन आता एआय घेतं. केंद्राच्या सॉफ्टवेअरमधली पाच-सहा कामं त्याला करता येतात. त्या प्रत्येक कामाला टूल म्हणतात आणि प्रत्येक टूलखाली दोन ओळींचं वर्णन असतं. आतलं त्याला काही दिसत नाही. एआय फक्त वर्णन वाचतं आणि कुठलं टूल वापरायचं ते ठरवतं. वर्णन नीट वाट दाखवतं का, हे मोहना तपासायची. रुग्णांच्या शंभर मागण्या लिहायच्या, प्रत्येकीचं बरोबर टूल आधी ठरवून ठेवायचं, मग एआयने काय निवडलं ते जुळवायचं.

"म्हणजे तू परीक्षक," मी म्हणाले.

"पेपरही मीच काढते गं. तोच घोळ आहे."

शंभरात त्र्याण्णव बरोबर आले. तिचे साहेब केयूरभाई खूश झाले. केंद्रात ते सुरू झालं.

मोहनाचे बाबा, धनाजीरावकाका, त्याच केंद्रात मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला जायचे. चार वर्षं तीच खुर्ची, तीच वेळ. ऑगस्टमधल्या एका बुधवारी त्यांनी केंद्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्यात पुतणीचा साखरपुडा होता. त्यांना एवढंच हवं होतं, की गुरुवारऐवजी शुक्रवार. त्या फोनचं रेकॉर्डिंग मोहनाने मला ऐकवलं.

"नमस्कार हं. धनाजीराव बोलतोय. जरा त्रास देतोय. उद्या आमच्याकडे कार्य आहे, तर माझी जागा कुणा गरजूला देऊन टाका. आमचं काय, शुक्रवारी कुठेही बसवा. नाही बसवलंत तरी राग नाही."

"आपली जागा दुसऱ्या रुग्णाला द्यायची, बरोबर?"

"हो हो, खुशाल द्या."

"जागा मोकळी केली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

"छे छे. उपकार झाले."

आमच्या घरांत असंच मागतात. आधी आपलं देऊन टाकायचं. मग समोरच्याने "असं कसं, काका?" म्हणायचं. मग आपण संकोचत घ्यायचं. पूर्वी फोनवर बसणारी मुलगी तसं म्हणायची.

एक टूल होतं 'दिवस बदला'. दुसरं 'जागा सोडा'. दुसऱ्याखाली लिहिलं होतं: रुग्णाला आपली जागा दुसऱ्याला द्यायची असेल तेव्हा वापरावे. ती जागा एका दिवसापुरती नाही, कायमची जाते, हे कुठेच नव्हतं. मोहनाच्या शंभर मागण्यांत काकांसारखं बोलणारं एकही माणूस नव्हतं.

"मोहनाबेन, एणे तो लखेलुं ए ज कर्युं," केयूरभाई म्हणाले. लिहिलेलं होतं तेच त्याने केलं. यात खोटं काही नव्हतं.

खुर्ची दोन लेकरांच्या आईला मिळाली होती. मोहना भांडायला निघाली, तेव्हा काकांनीच तिला अडवलं.

"दिली ना मी? मग दिली. अख्ख्या बडोद्यात कुणी आपणहून खुर्ची सोडली नसेल, तुझ्या बापाने सोडली. पेपरात छापून आण."



प्रतीक्षायादीत काकांच्या आधी एकोणीस जण होते. तोवर जिथे मिळेल तिथे जायचं. कधी समा भागातलं केंद्र, कधी त्याहून लांब. आठवड्यात तीनदाऐवजी दोनदा, एका आठवड्यात एकदाच. काकांचे पाय सुजले. चपला होईनात. मोहना रोज केंद्राला फोन करायची. फोन एआय घ्यायचं आणि नम्रपणे सांगायचं, आपला क्रमांक आता सतरा आहे.

मग तिने नव्या शंभर मागण्या लिहायला घेतल्या. संध्याकाळी मला बोलवायची. "तुझी आई कशी म्हणेल गं? तिला दिवस बदलून हवाय, पण मागायचं नाहीये." मी सांगायचे, ती लिहायची. सदतीस झाल्या. 'जागा सोडा'चं वर्णनही ती नव्याने लिहीत होती. सोमवारपर्यंत दिलं तर बदलून टाकू, असं केयूरभाईंनी कबूल केलं होतं.

रविवारी सकाळी काकांना श्वास घेता येईना. फुप्फुसांत पाणी झालं होतं. मोहना अॅम्ब्युलन्समध्ये चढली. घर बंद करायला मी मागे राहिले. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच होता.

आज गुरुवार. काका अजून व्हेंटिलेटरवर आहेत. केयूरभाईंचा मला मेसेज आला: तुम्ही भाषेच्या आहात, ते वर्णन पूर्ण कराल का? मी दोनदा बसले. मला सुचलं नाही. मोहनाला फोन केला तर ती मला व्हेंटिलेटरवरचे आकडे वाचून दाखवते. मागण्यांच्या यादीत अडतिसावी ओळ कोरी आहे. 'जागा सोडा'च्या वर्णनाच्या चौकटीत एवढंच आहे:

हे टूल वापरण्याआधी रुग्णाला विचारावे, की