डिस्कची शर्यत

कराडजवळच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर चालवणारा माझा एक मित्र होता. यंत्र कपाटाएवढं, पण ह्याचा जीव त्यातल्या एकट्या डिस्कवर. रोज सकाळी टाइपरायटरसारख्या कळांवर तो एक हुकूम ठोकायचा आणि मनगटावरचं घड्याळ नाकाशी धरायचा. डिस्कनं भली मोठी फाइल लिहून परत वाचली, की बैलगाड्यांच्या शर्यतीचा निकाल द्यावा तसा ओरडायचा, "आली रं आली! पहिला नंबर!" मी शाळामास्तर, पण ती शर्यत बघायला मुद्दाम वाट वाकडी करायचो.

धुळीचं त्याला भारी भय. माझ्या चपला बाहेर काढायला लावायचा. "मास्तर, एक कण आत गेला तर ही मेली. मग मी परत वजनकाट्यावर, उसाच्या गाड्या मोजत."

खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी संचालक आले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी डिस्कचं झाकण उघडायला लावलं आणि मूठभर कुंकू आत उधळलं. मी मित्राकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता.

"आता पळवून दाव," आबा म्हणाले.

त्यानं हुकूम ठोकला, घड्याळ धरलं. आतून काहीतरी खरवडलं आणि थांबलं. यंत्र ज्यावर उत्तर छापायचं त्या कागदावर एक अक्षर उमटेना.

"काय रं, पळतीया का?"

त्यानं घड्याळ सोडून खिशात टाकलं.

"व्हय आबा. लय झ्याक."

आबांनी खूश होऊन त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यानं आमच्यासमोर सावकाश, पूर्ण खाल्ला.