कुशाबाईचं उभं काम

पहाटे साडेचारला कुशाबाई उठायची आणि सातपर्यंत कुठे टेकायची नाही. पाणी, शेण, भाकरी, पुन्हा पाणी. चहासुद्धा उभ्यानं. सातच्या जीपने अवसरी बुद्रुकहून मंचर. तिथे वखारीत मात्र या बाईला बसावं लागे.

काम कांदा निवडायचं. ढिगाभोवती पंधरा बाया उकिडव्या बसत. मोठा कांदा पुढे, बारीक गोलटी बाजूला, सडका मागे. दुपारच्या सुट्टीपर्यंत चार तास उठायचं नाही. तसा कुणाचा हुकूम नव्हता. पण उठलं की जागा जायची. दारात थांबलेली बाई सरकून बसायची आणि उठलेलीची अर्धी हजेरी बुडायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर तिचा उजवा गुडघा दुपारच्या सुट्टीला उठताना सरळ होईना. मुकादमीण लंकाबाईने ते पाहिलं.

"कुशाबाई, गुढीपाडव्यापतूर बघती. मग दुसरी बाई."

गुडघ्यातलं वंगण संपलं, असं सगळेच म्हणत. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच वंगणाचं इंजेक्शन सांगितलं होतं, त्यासाठी ती मजुरी डब्यात टाकत होती. बसलं की वंगण वाचतं, ही तिची समजूत. म्हणून गुडघा धरला की ती आणखीच घट्ट बसे. आतून मात्र उठायला जीव तगमगे.

लेक अक्षदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पुढचं शिकत होती. संक्रांतीला ती सरांचा लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर एक चौकोन, त्यात वरून खाली निळा रंग झिरपत होता.

"ह्ये काय, लुगडं रंगवतीस व्हय?"

"सांध्यातली गादी आहे, आई. कूर्चा म्हणतात. हिच्यात रक्त जात नाही. भोवतीच्या रसातून अन्न आत मुरतं, कैरीच्या फोडीत मीठ मुरतं तसं. कुठला रेणू किती वेळात तळाला पोचतो, ते मी मांडते."

"आन वंगण?"

"ते वरवरचं. गादीला खायला लागतं. दाबलं, सोडलं, दाबलं, की मोठे रेणूही आत ओढले जातात. दाबूनच ठेवलं तर वाटा आवळतात. उकिडवं बसण्याचं गणितही घातलंय. वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं उभं."

कुशाबाई खो खो हसली. "ईस मिनिटं? कुणाची वखार गं ही? आमी चार तास उठत न्हाई. उठलं की जागा जाते."

अक्षदाने वीस मिनिटं खोडली. तिथे चार तास घातले. लॅपटॉप तासभर घरघरत राहिला, तेवढ्यात कुशाबाईने अंगण दोनदा झाडलं. परत येऊन पाहिलं, तर निळा रंग वरच्या थरातच अडकलेला.

"आई, हे गणित आहे. तुझा गुडघा नाही. पण बसू नकोस."

"डाक्टर बी त्येच म्हनला. बसू नको तर खाऊ काय?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी लंकाबाईपुढे उभी राहिली. "मी उभ्यानं निवडते."

"उभ्यानं? भाषान करतीस का निवडतीस?"

"टेबल पायजे."

वखारीचा शेठ म्हणाला, "आज टेबल, उद्या पंखा मागतील." बाया खिदळल्या. शेवटी लंकाबाई म्हणाली, "तुझं तू आण. चार दिवस देते. बसलेल्या बाईयेवढ्या गोण्या निघाल्या तर ऱ्हा, न्हाईतर पाचव्या दिवशी रामराम."

आठ दिवसांनी ती टेबल घेऊन आली. पहिल्या दिवशी दोन गोण्या कमी पडल्या. कांदे घरंगळून खाली जात, वाकून उचलण्यात वेळ जाई. तिने टेबलाच्या कडांना पट्टी जोडून घेतली. ती एका पायावर भार घेई, मग दुसऱ्या, सारखी झुलत. "नाचाया लागली," ढिगापाशी बसलेली सरूबाई म्हणाली. तिसऱ्या दिवशी एकच गोणी कमी. चौथ्या दिवशी बरोबर. लंकाबाईने गोण्या दोनदा मोजल्या, कुशाबाईची हजेरी लावली आणि ती पुढच्या ढिगाकडे गेली.

गुडघा दुखायचा थांबला नाही. सुट्टीला सरळ मात्र होऊ लागला. वंगणाच्या इंजेक्शनसाठी दोन वर्षं साठवलेल्या मजुरीतून तिने मंचरच्या वेल्डरकडून बनवून घेतलं होतं ते हेच टेबल: कंबरेइतकं उंच, लोखंडी, चारही बाजूंनी पट्टी.