चोवीस चित्रांचं तोंड काळं

"नुसती फाइल कन्व्हर्ट करून द्या हो, दोन मिनिटांचं तर काम आहे." हे वाक्य तुम्ही आजवर किती जणांच्या तोंडावर फेकलंय? मोजा जरा. लाजू नका, सगळेच फेकतात. फेकून घड्याळाकडे बघतात, म्हणजे समोरच्याने ते दोन मिनिटांतच उरकावं.

ठिपकेताईने हे वाक्य अठरा वर्षं झेललं. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ती कामाला. दुकानात तीन संगणक, दोन प्रिंटर आणि एक पंखा. पंख्याचं तोंड मालकाकडे. ताईच्या वाट्याला प्रिंटरची गरम वाफ आणि स्पंज बाहेर आलेलं स्टूल. नाव तिचं दुसरंच काहीतरी आहे, पण कुणी फोटो पुढे केला की ती म्हणायची, "थांबा, आधी ठिपके मोजू." ठिपके म्हणजे पिक्सेल. म्हणून ठिपकेताई. तिला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो फाइलचं शेपूट बदलून आणणाऱ्यांचा. फाइलच्या नावामागची तीन अक्षरं खोडायची, दुसरी टाकायची आणि ऐटीत सांगायचं की मी घरूनच कन्व्हर्ट करून आणलंय. "दारावरची पाटी बदलली की आतला भाडेकरू बदलतो का?" ती विचारायची. गिऱ्हाईक हसायचं. ती हसायची नाही.

हे काम ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. हात भाजून घेत शिकली. तिच्या हिशेबी जेपीजी म्हणजे गाडी सुटायच्या घाईत ट्रंक भरणारा माणूस: मावेल ते कोंबतो, मावणार नाही ते खिडकीतून फेकतो आणि झाकणावर बसतो. माणसांच्या फोटोला ते खपून जातं, काळ्या रेघेच्या चित्राला नाही. रेघेच्या कडेला घाण साचते. बीएमपी काही फेकत नाही आणि घडीही घालत नाही, म्हणून अख्खी खोली अडवतो. जीआयएफकडे रंगांच्या डब्या मोजून दोनशे छप्पन. पीएनजी नीट घड्या घालतो, काही टाकत नाही, आणि चित्रात जिथे काहीच नाही तिथे "काही नाही" असं इमानाने लिहून ठेवतो. म्हणजे मागचा रंग तिथून आरपार दिसतो. आयकॉनची फाइल, ती आयसीओ, एक चित्र नसतेच मुळी. डब्यात डबा असतो. सोळा ठिपक्यांचं, बत्तीसचं, अठ्ठेचाळीसचं, दोनशे छप्पनचं, एकाच चित्राची चार मापं एका फाइलीत, आणि मोकळी जागा पीएनजीसारखीच आरपार. मोठं दाबून लहान केलं की त्याचा चिखल होतो, म्हणून शहाणा माणूस प्रत्येक माप वेगळं काढतो. हे सगळं ती कुणालाही सांगायला तयार असायची. ऐकायला कुणी थांबायचं नाही.

घरी मावशी. आई गेल्यावर या मावशीनेच तिला वाढवलं, लोकांची कापडं शिवून शिकवलं. स्वतः शाळेचं दार बघितलं नव्हतं. पुढे मावशीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दर महिन्याला दाब मोजायचा, थेंब बदलून घ्यायचे, जन्मभर. मावशी एकटी जायची. कुणी सोबत यायचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठ्या.

मग दवाखान्यात नंबर देणारं मशीन बसलं. आपल्या विभागाचं बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची, बसायचं. बटणावर नुसती अक्षरं. पहिल्याच दिवशी मावशी तणतणत दुकानात आली आणि मालकासमोर म्हणाली, "तुमच्या त्या पेटीला सांगा, मला डोळे दाखवायचेत, परीक्षा नाही द्यायची."

अडलेली मावशी एकटीच नव्हती. रांगेत निम्मी माणसं तशीच. ओरड झाली, तेव्हा दवाखान्याने बटणांवर चित्रं टाकायचं ठरवलं आणि काम समोरच्या दुकानाला दिलं. कामाच्या कागदावर लिहिलं होतं: आयकॉन फाइल रूपांतर, नग चोवीस. म्हणजे इंटरनेटवरून फुकटची चित्रं उचला, कन्व्हर्ट करा, द्या. मालकाने कागद तिच्याकडे सरकवला आणि तेच वाक्य म्हणाला.

तिने फुकटची चित्रं छापून घरी नेली. डोळ्यांच्या विभागाला चष्मा होता. मावशी म्हणाली, चष्म्याचं दुकान. हाडांच्या विभागाला दोन्हीकडे गाठी असलेलं हाड होतं.

"हा कुत्र्यांचा दवाखाना गं?" मावशी म्हणाली.

त्या दिवशी ठिपकेताईने गणिताची चौकटीची वही काढली. बत्तीस आडवे चौकोन, बत्तीस उभे. पेन्सिलीने एकेक चौकोन काळा करत चित्र उभं करायचं, भिंतीला लावायचं, मावशीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा आणि विचारायचं, हे काय? चुकलं की खोडरबर. कानाचं चित्र सहाव्यांदा जमलं. तोवर मावशी त्याला शिंपला म्हणत होती. पोटाला ती ठामपणे मडकं म्हणाली आणि शेवटपर्यंत हटली नाही. डोळ्यांच्या विभागाला ताईने डोळा काढला आणि त्यावर पडणारा एक थेंब. मावशीने दुरूनच बोट केलं.

"हे माझं," ती म्हणाली.

चोवीस चित्रं, प्रत्येकाची चार मापं. सोळा ठिपक्यांत थेंब मावेना, तर तिने पापणी काढून टाकली आणि थेंब ठेवला. कागदावर मात्र शेवटपर्यंत "रूपांतर"च राहिलं. तिचं नाव कुठे आलं नाही. तिने मागितलंही नाही, आणि ही तिची चूक होती असं माझं मत आहे, असो.

दोन वर्षं सुखाची गेली. काळी रेघ, मागून बटणाचा पिवळा रंग आरपार. मावशी ऐटीत जायची, थेंबाचा डोळा दाबायची, आणि मागे अडलेल्या बायकांना विचारायची, "तुझं काय दुखतं? गुडघा? मग तो वाकलेला पाय दाब." मशीनशेजारी तिचा दरबारच भरायचा म्हणा.

मग मशीन बदललं. संगणक विभागाला नवे साहेब आले. त्यांच्याकडे पेशंटच्या ओळखपत्रासाठी नियम होता की फोटो फक्त जेपीजी. साहेबांनी तोच नियम सगळ्यांना लावला. नियम जितका पसरेल तितका साहेब मोठा. चोवीस चित्रं एका दमात कुठल्याशा फुकट सॉफ्टवेअरमधून काढली आणि जेपीजी केली. आता जेपीजीला "काही नाही" लिहिताच येत नाही. त्या जागी काहीतरी रंग भरावा लागतो. त्या सॉफ्टवेअरने शून्य भरलं. संगणकाच्या रंगात शून्य म्हणजे काळा. काळी रेघ, काळ्यावर. चोवीस चित्रं, चोवीस काळे चौकोन, आणि खाली मुंगीएवढी अक्षरं.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी अक्षरं वाचली, बटण दाबलं आणि पुढे गेले. त्यांचं काही अडलं नाही. म्हणून ते बोलले नाहीत; ज्यांना येत नव्हतं त्यांनी लाजत दुसऱ्याकडून बटण दाबून घेतलं. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे.

मावशी त्या महिन्यात गेली तेव्हा पेटीवर तिचा डोळा नव्हता. विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसरी ओळ, तिसरं बटण, हे तिला पाठ होतं. तिने तेच दाबलं. पण नव्या मशीनने विभागांचा क्रमही बदलला होता. चिठ्ठी लहान मुलांच्या विभागाची निघाली. चार तास ती रडणाऱ्या पोरांमध्ये बसली. नंबर आला तेव्हा दारावरचा शिपाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजी, लस टोचायला आलात का?" अख्खी रांग हसली.

घरी येऊन तिने केसपेपर गादीखाली सारला. मशीन बिघडलंय, पुढच्या महिन्यात जाईन, एवढंच बोलली. पुढच्या महिन्यातही तेच. ठिपकेताईने विश्वास ठेवला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती त्याच फाटकाकडे तोंड करून बसायची, पण रस्ता ओलांडून आत जाऊन बघावं हे तिच्या डोक्यात आलं नाही. तीन महिने गेले. मग एक दिवस मावशीने डाव्या बाजूला ठेवलेला पेला हाताने पाडला. ताईने फडताळ उघडलं. थेंबांची बाटली कोरडी ठणठणीत होती.

तशीच ती दवाखान्यात गेली आणि मशीनसमोर उभी राहिली. तिला लांबूनच कळलं होतं काय झालंय ते. हा आजार ती अठरा वर्षं बघत होती.

साहेबांनी तिला बसा म्हटलं नाही. तुमच्या फाइलीच काळ्या होत्या, असं सांगितलं. तिने समजावलं, रेघ काय, मोकळी जागा काय, शून्य काय. साहेब फोनकडे बघत होते.

"मग परत आयसीओ करून टाका," ते म्हणाले. "कन्व्हर्टच तर करायचंय."

"साहेब, आता आत काळ्याशिवाय काही उरलं नाही. एकदा गेलं ते परत येत नाही."

जुन्या फाइली? जुनं मशीन भंगारात गेलं होतं. दुकानातला संगणक मालकाने मध्यंतरी पुसून घेतला होता. काम देऊन झालं, मग ठेवायचं कशाला. उरली चौकटीची वही. ताईने ती साहेबांसमोर ठेवली. कागद चालत नाही, असं उत्तर मिळालं.

चालत नाही तर नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने आठ दिवसांत चोवीस चित्रं पुन्हा काढली. नियमाशी भांडण नको म्हणून मागे बटणाचाच पिवळा रंग भरला आणि चांगली जाडजूड, फार न दाबलेली जेपीजी बनवली. साहेबांना हवं तेच, साहेबांच्याच मापात. पेनड्राइव्ह घेऊन गेली. बाहेरचा पेनड्राइव्ह लावता येत नाही म्हणाले, अर्ज करा. तिने अर्ज केला: चित्रं काळी दिसतात, बदलावीत. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "सदर चोवीस फाइलींची तपासणी केली असता सर्व फाइली उघडतात. सबब बदल आवश्यक नाही."

फाइली उघडतात. डोळेही उघडतातच की.

या सगळ्या धावपळीत तिने मावशीला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच होतं. मावशी वाटभर कोपर सोडवून घ्यायचा प्रयत्न करत राहिली. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, डाव्या डोळ्यापुढे बोटं नाचवली, मग खुर्ची मागे सरकवली. थेंब मधेच का सोडले, म्हणून विचारलं.

"उजवा सांभाळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावा गेला. यात गेलं ते परत येत नाही."

ठिपकेताईने मान खाली घातली. हेच वाक्य ती साहेबांना ऐकवून आली होती, आणि तेव्हा ते तिला केवढं धारदार वाटलं होतं.

घरी आल्यावर मावशीने सांगून टाकलं की आता तू रजा काढून मला न्यायचं, हे होणार नाही. हाताला धरून नेणार असशील तर उजवाही जाऊ दे. ती नुसतं बोलत नव्हती, हे ताईला माहीत होतं. रात्रीच्या रागातलं बोलणं सकाळी विरतं. हे सकाळी, भांडी घासताना, शांतपणे बोललेलं होतं.

म्हणून ताईने दुकानात चिकटणाऱ्या कागदावर चोवीस चित्रं छापली, कात्रीने कापली आणि दवाखान्यात जाऊन एकेका बटणाच्या कडेला लावली. मशीन सुरूच होतं. कुणी विचारलं नाही, लोकांना वाटलं कंपनीची बाई. दुसऱ्या दिवशी मावशी एकटी गेली, थेंबाचा डोळा शोधला, दाबला, नंबर घेतला. घरी आल्यावर "पोटाचं मडकं तसंच ठेवलंस की," एवढंच म्हणाली.

आठवड्याने सगळी चित्रं खरवडलेली होती. सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण, अशी दुकानाला नोटीस. मालकाने हात झटकले आणि ताईला बजावलं की पुन्हा केलंस तर आतलंच काय, दाराबाहेरचं स्टूलही मिळणार नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा खरवडलं गेलं. आता दर महिन्याला मावशीच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती जाते आणि निदान डोळा लावून येते. कधी तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, कधी टिकत नाही. गेल्या महिन्यात टिकला नाही. मावशी मशीनसमोरून नुसतीच परत आली आणि केसपेपर पुन्हा गादीखाली गेला.

खरवडणारा दर वेळी शिपाईच असतो असं नाही. ताईने एकदा स्वतः बघितलं: चांगल्या घरचा माणूस, आपल्या नंबरची वाट बघत, बोटांना चाळा म्हणून नखाने कोपरा उचकटत होता. त्याला खालची अक्षरं वाचता येत होती.

तुम्हालाही येतात. तेव्हा एवढं करा: नंबराच्या मशीनवर कडेने सुटलेलं एखादं वेडंवाकडं चित्र दिसलं, तर नख लावू नका, अंगठ्याने दाबून नीट बसवा. आणि मागे कुणी म्हातारी नुसतीच उभी असेल, तर तिचा हात धरू नका. बाजूला व्हा आणि तिला ते दिसू द्या.