माझ्या कप्प्यातली तोडणीची यादी

मळीचा वास आला की इंदापूरकडच्या आमच्या साखर कारखान्याचं शेतकी ऑफिस आठवतं आणि माझे कान गरम होतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं सर्व्हर बसला. सगळ्यांच्या फायली एकाच मशीनवर, आणि ज्याला त्याला आपलं नाव, पासवर्ड आणि कप्पा. कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून मिरवणाऱ्या माझा रुबाबच गेला. त्यात लासुर्ण्याची टेम्पररी पोरगी ते सगळं आठवड्यात शिकली. मग एका सकाळी तिनं केलेली ऊसतोडणीची यादी मी सगळ्यांच्या सामायिक कप्प्यातनं गुपचूप माझ्या कप्प्यात सरकवली. तोडणीचा नंबर बघायला आलेले सभासद खिडकीशी ताटकळले. साहेब तिला म्हणाले, "जमत न्हाय तर उद्यापासनं येऊ नको." ती रडायला लागली आणि मी टेबल पुसत बसले. सर्व्हरवाल्यानं शोधलं, तर यादी माझ्याच नावाखाली. अशी मी हुशार चोर. साहेब माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात पोरगीच डोळे पुसत म्हणाली, "बाईंनी जपून ठिवली आसंल साहेब, मीच इसरले." आणि आज नातवंडांना 'खोटं बोललात तर बघा' म्हणून दटावणारी मी तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "व्हय."